उजेडाचा आकडा

४ जून

आज ह्यांनी कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला आणि म्हणाले, "उद्यापासून फोटो तू काढायचे. मी सांगतो, तू दाबायचं."

मला आधी चेष्टाच वाटली. लग्न झाल्यापासून मी आमच्या स्टुडिओत मागच्या टेबलाशी बसून कॉम्प्युटरवर लोकांचे चेहरे उजळते, पुटकुळ्या पुसते, कोणाचे मिटलेले डोळे दुसऱ्या फोटोतून आणून चिकटवते. कॅमेरा हा ह्यांचा प्रांत. धूळ पुसायला उचलला तरी "ठेव ते खाली" असं ऐकायची सवय. आणि आज एकदम गळ्यात.

"पण का?" म्हटलं, तर म्हणाले, "पाठ धरते." पाठ धरते म्हणून कोणी सगळा धंदा बायकोच्या गळ्यात घालतं का? पण ह्यांच्याशी वाद घालायची माझी छाती नाही. मी भित्री आहे. इथे लिहायला हरकत नाही, वाचणारं कोणी नाही. ही वहीसुद्धा भीतीपोटीच काढली आहे. शिकवलेलं उद्या विसरले, तर ओरडा बसेल.

तर आजचं शिकवणं. आयएसओ. मला समजलं ते असं: सासूबाईंना जरा कमी ऐकू येतं, म्हणून त्यांच्याशी बोलताना आपण आवाज चढवतो. तसं उजेड कमी पडला की हा आकडा चढवायचा. बाहेर लख्ख उन्हात शंभर पुरे. ढग आले, सावलीत गेलो की दोनशे, चारशे. घरात आठशे, सोळाशे. अंधाऱ्या हॉलमध्ये बत्तीसशे, चौसष्टशे. पण आवाज फार चढवला की तो फाटतो, तसा आकडा फार चढवला की फोटोत दाणे येतात, चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखे. म्हणून लागेल तेवढाच चढवायचा, हौस म्हणून नाही.

हे पूर्वी खोलीत पाऊल टाकलं की नुसतं भिंतीकडे बघून आकडा सांगायचे, आणि कॅमेरा नंतर तोच दाखवायचा. लोक थक्क व्हायचे. मला हे जन्मात जमणार नाही.

६ जून

एक सोय ह्यांनी करून दिली आहे. आतले फोटो काढताना कॅमेऱ्याच्या झडपेचा, म्हणजे शटरचा, वेग आणि भिंगाचं छिद्र दोन्ही ह्यांनी पक्कं बांधून दिलंय, म्हणजे माझा हात लागून बिघडायला नको. मोकळा राहतो फक्त आयएसओ. तो कॅमेरा आपला आपण ठरवतो आणि खाली कोपऱ्यात दाखवतो. खोलीत अंधार जास्त तर आकडा मोठा, उजेड जास्त तर लहान.

मी आत गेल्याबरोबर तो वाचून ह्यांना मोठ्याने सांगायचा. एवढंच. स्वतः का बघत नाहीत ते विचारलं नाही. माझी परीक्षा घेत असणार.

११ जून

वाचनालयाचं काम होतं. नवीन खोल्या बांधल्या आहेत, त्यांचे फोटो हवे होते.

आत शिरताच हे दारात थांबले. "केवढा अंधार करून ठेवलाय," म्हणाले. मला तर सगळं नीट दिसत होतं. समोरच्या कपाटातल्या पुस्तकांच्या पाठींवरची नावंही वाचता येत होती. पण ह्यांच्यासमोर उजेडाबद्दल मी काय बोलणार. वाटलं, फोटोवाल्यांची अंधाराची व्याख्याच वेगळी असेल.

"आकडा?"

"चारशे."

"नीट बघ."

मी परत बघितलं. "चारशेच आहे हो."

ह्यांचा चेहरा असा उतरला की मला घाम फुटला. तिथल्या बाई हसून काही विचारत होत्या, त्यांच्याकडे बघितलंही नाही. काम होईपर्यंत एका खुर्चीवर बसून राहिले. घरी आल्यावर जेवले नाहीत. सासूबाईंनी कारण विचारलं, तर त्यांच्यावरही खेकसले.

माझ्या हातून काय चुकलं तेच कळत नाही. फोटो उघडून बघितले, चांगले आले आहेत. 

१९ जून

आज मजा झाली, आणि मग भीतीही वाटली.

एका कचेरीत साहेबांचा निरोप समारंभ होता. हॉल मध्यम उजेडाचा, ना लख्ख ना अंधारा. आत पाय टाकताना ह्यांनी माझं कोपर धरलं, तेव्हा त्यांचा हात गार लागला. "आकडा?" मी घाबरतच बघितलं. "चौसष्टशे."

हे एकदम हसले. खरंच हसले. "बघ, मी म्हणत नव्हतो? बोगद्यात आणून बसवलंय लोकांनी." मग सगळा वेळ मजेत. साहेबांना टोमणा मारला की निवृत्त होणाऱ्याचं तोंड दिसू नये म्हणून दिवे काढलेत का. साहेबांना ते फारसं रुचलं नसावं, पण हसले बिचारे. परत येताना मला आइस्क्रीम दिलं. कित्येक महिन्यांनी.

घरी येऊन फोटो उतरवून घेतले, तर काय. आकडा चौसष्टशे नव्हताच, सहाशे चाळीस होता. गडबडीत एक शून्य मी पदरचं लावलं होतं.

सांगायला उठले होते. दारापर्यंत गेले. हे आईशेजारी बसून गाणं गुणगुणत होते. परत फिरले.

२८ जून

मला गोम कळली आहे. आकडा मोठा सांगितला की ह्यांचा दिवस चांगला जातो. लहान सांगितला की घरावर अवकळा. का, ते देव जाणे. कदाचित मोठ्या आकड्याचं काम अवघड असतं, आणि आपल्याला अवघड कामं मिळतात ह्याचा त्यांना आनंद होत असेल.

तेव्हा मी आता थोडा फुगवून सांगते. चारशे असला तर आठशे. आठशे असला तर बत्तीसशे. फोटोवर काही परिणाम नाही, कारण कॅमेरा त्याचा तो खरा आकडा वापरतोच. मी काय म्हणते ते त्याला कुठे ऐकू येतंय. ताप आलेल्या माणसाला आपण "फार नाही हो" म्हणतोच की. हे उलट आहे, एवढंच.

पकडले जायची भीती वाटते. पण वाचनालयाच्या दिवसाची जास्त वाटते.

८ जुलै

घरातले सगळे दिवे बदलले. न सांगता. संध्याकाळी बघते तर स्वयंपाकघर ऑपरेशन थिएटर झालेलं. सासूबाई डोळ्यांवर हात धरून बसल्या होत्या.

"अरे, लग्न आहे का घरात कोणाचं?"

"आई, आधीचे दिवे मिणमिणते झाले होते. दुकानदार फसवतात हल्ली."

"तुझे वडील अगदी असेच दिव्यांवर डाफरायचे. शेवटी शेवटी तर भर दुपारी कंदील मागायचे आणि भिंत धरून चालायचे. म्हातारपणी माणूस हट्टी होतो. तू आत्तापासूनच झालास."

हे उठून आत गेले. जाताना दाराच्या चौकटीवर खांदा आपटला. सासूबाई मला म्हणाल्या, "बापाचा स्वभाव उतरलाय पोरात." मलाही तसंच वाटतं. सासऱ्यांना मी फक्त फोटोत पाहिलं आहे, पण फोटोतसुद्धा ते रागावल्यासारखे, मान एका बाजूला करून बघतात.

१४ जुलै

आता मात्र मला खरंच भीती वाटते आहे. नीट लिहायला हवं.

ह्यांनी आज कपाटाच्या किल्ल्या दिल्या. बँकेचं काय कुठे ते समजावलं. कागद कोणाकडून घ्यायचा, कोणता माणूस उधारी बुडवतो, भिंग कसं साफ करायचं, सगळं. पुन्हा पुन्हा म्हणत होते, "हे तुला एकटीला करता आलं पाहिजे."

एकटीला का? हे कुठे जाणार आहेत?

स्कूटर महिनाभर जागची हललेली नाही. "पाठ." संध्याकाळनंतर बाहेर पडत नाहीत. "पाठ." काल जिन्यात पायरी चुकले आणि भिंतीला टेकून उभे राहिले, कपाळाला घाम. मी वरून बघत होते. तो पाठीचा घाम नव्हता. माझ्या मामांचं असंच झालं होतं. आधी सगळे व्यवहार उलगडून सांगितले, आणि पंधरवड्यात छातीत कळ येऊन गेले.

आज हे आंघोळीला गेले असताना मी त्यांचे खिसे तपासले. गोळ्या नाहीत. चिठ्ठी नाही. एक लहान टॉर्च मिळाली. टॉर्च कशाला लागते माणसाला खिशात?

२३ जुलै

रडून, भांडून, जेवण सोडून शेवटी ह्यांना हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. आधी तयारच नव्हते. "छातीचं ना? चल," असं मग एकदम म्हणाले, जणू सुटलेच.

छातीला तारा लावून तपासलं, पट्ट्यावर पळवलं. सगळं उत्तम. डॉक्टर म्हणाले, "घोड्यासारखं हृदय आहे."

माझ्या जिवात जीव आला. बाहेर येऊन रडलेच. हे माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वेडी आहेस. भित्यापाठी ब्रह्मराक्षस." आज मला शांत झोप लागेल.

५ ऑगस्ट

एक गोष्ट लिहायला लाज वाटते, पण आनंदाची आहे. हल्ली बाहेर चालताना हे माझ्या खांद्यावर हात ठेवतात. रस्त्यात, सगळ्यांसमोर. नवीन लग्न झालं होतं तेव्हासुद्धा हे चार पावलं पुढे चालायचे. शेजारीण मला म्हणाली, "तुमचं काय बाई." मी लाजले.

आज फर्निचरवाल्याकडे मात्र विचित्र झालं. ह्यांचं जुनं गिऱ्हाईक. बाजूने येऊन त्याने हात पुढे केला, आणि हे समोर बघत तसेच उभे. तो हात तसाच हवेत. मी हसून सारवासारव केली. तो म्हणाला, "सर मोठे झालेत आता." मी नंतर ह्यांना म्हटलं, त्याने हात पुढे केला तर असं का केलंत? हे म्हणाले, "कोणी? कधी?" आणि मग पटकन, "तो मला आवडत नाही." काम हातचं जाईल अशाने.

२१ ऑगस्ट

आमच्या दुकानाच्या खाली चष्म्याचं दुकान आहे. तिथल्या मालकांना आम्ही भिंगवाले म्हणतो. जिन्यात भेटले. म्हणाले, "वहिनी, साहेबांना एकदा पाठवा खाली. परवा माझी पाटी त्यांच्या डोक्याला लागली. रोजची पाटी आहे, एवढी पिवळी. मला ठीक वाटत नाही. माझ्याने नाही उलगडलं तर मोठ्या डॉक्टरांची चिठ्ठी देईन."

मी वर येऊन निरोप दिला. ह्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. मग हळूच म्हणाले, "कॅमेरा घे. आत्ता. इथे आकडा किती येतो ते सांग."

दुपारची वेळ, दुकानाचं शटर पूर्ण वर. मी कॅमेरा लावला. चारशे होता. ह्यांनी टेबलाची कड इतकी घट्ट धरली होती की नखं पांढरी पडलेली. असं तोंड मी वाचनालयात पाहिलं होतं.

"बत्तीसशे," मी म्हटलं.

ह्यांनी श्वास सोडला. "बघ. कॅमेरा काय खोटं बोलतो? एवढ्या अंधाऱ्या दुकानात घुबडालासुद्धा दिसणार नाही. सांग तुझ्या भिंगवाल्याला, गिऱ्हाईक दुसरीकडे शोध म्हणावं."

मी खाली जाऊन गोड शब्दांत नको म्हणून सांगितलं. भिंगवाले माझ्याकडे बघतच राहिले. बरं वाटलं नाही मला. पण हे संध्याकाळी आईशी पत्ते खेळत बसले होते, सासूबाई जिंकल्या म्हणून हसत होत्या. घर शांत होतं.

७ सप्टेंबर

हे पडले. डावा हात मोडला आहे.

मुलींच्या नाचाच्या वर्गाचा कार्यक्रम होता. मुली रंगमंचावर, मी खाली कॅमेरा घेऊन. हे वर बाजूला उभे राहून मला खुणा करत होते. त्याआधी आकडा विचारला होता. हजार होता, मी चौसष्टशे सांगितला. नेहमीसारखा. "मग आज कोणालाच कोणी दिसणार नाही," असं म्हणून हसले होते.

मुली बाजूला यायला लागल्या म्हणून त्यांना जागा द्यायला हे मागे सरकले. बाजूला तीन पायऱ्या होत्या, कडेला पांढरी पट्टी मारलेल्या. मला खालून दिसत होत्या. सगळ्यांना दिसत होत्या. हे त्यांवरून असे गेले की जणू तिथे जमीनच आहे.

आवाज अजून कानात आहे. एक लहान मुलगी नाच थांबवून रडायला लागली. मी धावले, तर हे एवढंच म्हणत होते, "अंधार होता गं. तूच म्हणालीस ना, चौसष्टशे."

माझ्या अंगावर काटा आला. का आला ते मला अजूनही सांगता येत नाही.

९ सप्टेंबर

हाडांच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं. तरुण आहेत, बडबडे. बोलता बोलता बाजूने पाण्याचा पेला पुढे केला, ह्यांनी घेतला नाही. डॉक्टर बोलायचे थांबले. मग स्वतःचं बोट ह्यांच्या कानाजवळून हळूहळू पुढे आणायला लागले. "दिसलं की सांगा." बोट पुढे येत होतं. गालाजवळ आलं. नाकाच्या रेषेत यायला थोडंच राहिलं, तेव्हा हे म्हणाले, "हां."

डॉक्टरांनी दुसऱ्या बाजूने केलं. तेच.

चिठ्ठी लिहून देताना ते बडबडले नाहीत. "उद्याच जा," एवढंच म्हणाले.  आज मी पहिल्यांदा स्वतःचं बोट स्वतःच्या कानाजवळ धरून बघितलं. मला ते तिथूनच दिसतं. दोन्हीकडून.

मी काय करत होते इतके दिवस?

१० सप्टेंबर

सगळं क्रमाने लिहिते.

डोळ्यांच्या दवाखान्यात ह्यांना एका पांढऱ्या घमेल्यासारख्या यंत्रापुढे बसवलं. हनुवटी टेकवायची, मध्ये बघत राहायचं, आजूबाजूला कुठे ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. यंत्र चालवणाऱ्या बाईंच्या मागे मला उभं राहू दिलं. ठिपका कुठे लागतोय ते त्यांच्या पडद्यावर दिसत होतं.

मध्ये लागला, टिक. मध्यापासून जरा वर, टिक. मग डावीकडे लागला. काही नाही. खाली लागला. काही नाही. उजवीकडे, लांब. काही नाही. मला वाटलं बटण बिघडलं, तसं बाईंना म्हणालेसुद्धा. त्या म्हणाल्या, "बटण ठीक आहे, ताई." एकामागून एक ठिपके लागत होते, आणि हे अगदी शांत, मन लावून, आज्ञाधारक मुलासारखे बसले होते. आपल्याला काही दाखवलं जातंय हेच त्यांना माहीत नव्हतं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, दाबा ना.

डॉक्टरीणबाईंनी कागद समोर ठेवला. कडेने सगळा काळा, मध्ये पांढरं बेट. काचबिंदू. "दुखत नाही, खुपत नाही. कडेकडेने खात येतो. घरात कोणाला होता?" मी सासऱ्यांचं सांगितलं, कंदिलाचं, भिंतीचं. त्यांनी मान हलवली. जे गेलं ते परत येत नाही, जे उरलंय ते थेंब टाकून राखायचं, म्हणाल्या.

"खोल्या अंधाऱ्या वाटायला कधी लागल्या?"

हे लगेच म्हणाले, "वाटायला नाही डॉक्टर, होत्याच अंधाऱ्या. मी फोटोग्राफर आहे. माझ्याकडे पुरावा आहे. कॅमेऱ्याला काही काचबिंदू होत नाही. हिला विचारा. प्रत्येक ठिकाणचा आकडा हिने मला वाचून दाखवलाय. माझ्या डोळ्यांचं काही असलं तर ते फार तर महिन्याभरातलं."

आणि माझ्याकडे वळून बघायला लागले. मान पुरी वळवावी लागली, तेव्हा मी सापडले.

मी म्हटलं, "ते आकडे खरे नव्हते. मी वाढवून सांगायचे."

  मग मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, जूनमध्ये आणलं असतं तर? त्या म्हणाल्या, "ह्यापेक्षा जास्त राहिलं असतं. किती, ते नाही सांगता येणार."

११ सप्टेंबर

कालपासून वाट बघत होते कधी ओरडतील ह्याची. ओरडले नाहीत. थेंब मी टाकते, प्लास्टरमुळे त्यांना जमत नाही. डोळा उघडा धरून वर बघतात. इतक्या जवळून मी त्यांच्या डोळ्यांत कधी बघितलंच नव्हतं. बाहेरून काही म्हणता काही दिसत नाही. चांगले आहेत दिसायला.

दुपारचे थेंब टाकून झाल्यावर ह्यांनी डोळे मिटूनच विचारलं, "किती वाढवायचीस?"

"कधी दुप्पट. कधी चौपट. कधी त्याहून जास्त."

"निरोप समारंभात?"

"सहाशे चाळीस होता. तिथे मी चुकून शून्य जास्त वाचलं. तुम्ही हसलात. मग मी..." 

"आणि वाचनालयात?"

"तिथे खरा सांगितला होता."

"चारशे." ह्यांनी मान हलवली. "मला ती खोली चौसष्टशेची दिसत होती. तेव्हाच कळलं होतं मला. त्या आठवड्यात डॉक्टरांकडे जाणार होतो, मनाशी ठरवलं होतं. मग तू चौसष्टशे म्हणालीस. म्हटलं, चला, वाचलो."

मी तोंडावर पदर धरून बसले.

"रडू नकोस. कॅमेरा हातात घेऊन मला बघता आलं नसतं का? मधलं तर अजून दिसतं. कॉम्प्युटरवर प्रत्येक फोटोखाली आकडा लिहिलेला असतो. तीन महिने मी त्या टेबलाकडे फिरकलो नाही. का नाही फिरकलो?" आणि म्हणाले, "बाबांना हाताला धरून मी न्यायचो. शौचालयापर्यंत. मला ते व्हायचं नव्हतं."

मग कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. मी बाटलीचं झाकण लावलं. बाहेर सासूबाई कोणाला तरी सांगत होत्या की हाताचं हाड आहे, महिन्यात जुळेल. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

३० सप्टेंबर

ह्यांनी मला तेव्हापासून आकडा विचारलेला नाही. दोन कामं झाली. हे बरोबर येतात, खांद्यावर हात ठेवतात, खुर्चीवर बसतात. विचारत मात्र नाहीत. काल आत शिरताना तिथल्या झाडूवाल्या बाईंना हळूच म्हणाले, "काय हो, इथे उजेड आहे ना?" मी शेजारीच उभी होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

८ ऑक्टोबर

आज शिवणवर्गातल्या बायकांचा ग्रुप फोटो. वरच्या मजल्यावरची लांबट खोली, ओळीने यंत्रं. जिना मी पायरी पायरी मोठ्याने मोजत चढले, हे मागे.

दारात हे थांबले. खांद्यावरची बोटं रुतली. "थांब. बघू नकोस. आधी मी सांगतो." पूर्वी सांगायचे तसे मान वर करून खोलीकडे बघत राहिले, बराच वेळ. बायका हातातलं काम थांबवून आमच्याकडे बघायला लागल्या. "सोळाशे," हे म्हणाले. "आता तू वाच."

मी कॅमेरा डोळ्याला लावला.  आकडा दिसला. सोळाशे म्हटलं असतं तर ह्यांचं तोंड उजळलं असतं. मला ते तोंड फार हवं होतं. देवा, किती हवं होतं. आणि ह्यांना कळलंही नसतं, आजच्या दिवस तरी.

"दोनशे," मी म्हटलं.

बोटं खांद्यावर तशीच राहिली.  मला वाटलं आता माघारी वळतील.

"दोनशे," ह्यांनी स्वतःशी म्हटलं. "म्हणजे लख्ख आहे. कुठून येतोय एवढा?"

"डावीकडे खिडकी आहे."

"मोठी आहे?"

"भिंतभर आहे हो."

हे हळूहळू डावीकडे वळायला लागले. खांदे, मान, सगळं अंग. खिडकी त्यांना कुठे सापडली ते मला त्यांच्या चेहऱ्यावर कळलं. उन्हात तोंड धरून उभे राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते थेंबांमुळे की काय, मी विचारलं नाही.

मग घसा साफ करून, पूर्वीच्याच आवाजात म्हणाले, "असं कर. सगळ्यांना खिडकीकडे तोंड करून बसव. आणि मलाही."